सुटला

सायकलचं मागचं मडगार्ड दौलताबादपासूनच खडखडत होतं. पण दरीत उतरल्यावर तो आवाज दोन्ही कड्यांवर आपटून परत यायला लागला आणि मुकुंदला वाटलं, मागून अजून कुणीतरी सायकलवर येतंय. दोनदा त्यानं वळून पाहिलं. मागं नदी, वर आभाळाची चिंचोळी पट्टी, बाकी नुसता काळा दगड.

असल्या गोष्टींना भिणारा गडी नव्हता तो. वकिलीची सनद मिळून वर्ष झालं नव्हतं आणि पहिलाच मोठा खटला जिंकला होता. बांधाच्या भांडणात हर्सूलच्या जेलात पडलेला सांडू अपिलात सुटला होता. खोकून खोकून पार सापळा झालेला सांडू आता औरंगपुऱ्यात मुकुंदच्याच ओसरीत बाजेवर पडून होता. उद्या त्याला मोटारीनं वरच्या सडकेपर्यंत आणायचं, पुढं मात्र बैलगाडी हवी. टपाल या दरीत आठ-आठ दिवस यायचं नाही. निजाम गेला, पण सडक कुठं आली होती? म्हणून सांडूच्या बायकोच्या, साळूबाईच्या नावाचं लिहिलेलं कार्ड टपालात न टाकता खिशात घातलं आणि मुकुंद स्वतःच सकाळी सहाला निघाला. "चाळीस मैल! अहो, कुणाला तरी पाठवा की," त्याची बायको प्रमोदिनी म्हणाली. पण ही बातमी त्याला स्वतःच्या तोंडानं सांगायची होती. खोटं कशाला बोला, शाबासकी हवी होती.

"येतो म्हणावं," बाजेवरून सांडू बोलला होता.

खडखड काही सहन होईना. मुकुंद उतरला. मडगार्डचा बोल्ट ढिला झालेला. फटीत घालायला कागद हवा, तर खिशात कार्डाशिवाय काही नाही. अक्षर नसलेला एक कोपरा त्यानं नेमका फाडला, घडी घालून फटीत ठोकला. आवाज बंद! स्वतःच्या अकलेवर तो भलताच खूश झाला. पण आता दरी अशी गप्प झाली, की खडखडच बरी होती असं त्याला वाटायला लागलं.

नदी तिसऱ्यांदा ओलांडली तिथं शेरडं चारणारा म्हातारा भेटला. मुकुंदला धाप लागली होती, घाम डोळ्यांत उतरून डोळे लालबुंद झाले होते. त्यानं कार्ड पुढं केलं.

"धारवाडीत सांडूच्या घरी जायचंय. साळूबाईचं कार्ड आहे."

म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. त्यानं कार्ड बघितलं, उलटं केलं, परत दिलं.

"सांडू माझा पुतन्या. म्या फकिरा." मग खाली बघत म्हणाला, "कवा?"

"काल सकाळी. सुटला एकदाचा." मुकुंदनं डोळे पुसले. "लई हाल झाले हो बिचाऱ्याचे. उद्या न्यायला गाडी घेऊन या सडकेला."

फकिरानं डोक्याचा पटका काढून हातात घेतला.

"साळूला म्या सांगतो. तुमी परके, तुमच्या तोंडून नगं."

"वा! इतक्या लांबून आलो, मलाच सांगू द्या की!" मुकुंद हसला.

फकिरानं त्याच्याकडं असं बघितलं, की मुकुंदचं हसू तिथंच विरलं. म्हातारा शेरडं तशीच सोडून कड्यावरच्या पायवाटेला लागला. त्या वाटेनं वाडी हाकेवर होती. सायकलला मात्र नदीच्या वळणांनी कोसभर जायचं होतं. शेरडं सोडून माणूस जातो कसा, हे काही मुकुंदला उमगेना.

दोन वळणं गेली आणि पुढून आवाज आला. मोर असेल, असं तो मनाशी म्हणाला. मग आवाजाला आवाज मिळाले. बायकांचे होते ते, एका सुरात.

मुकुंदचे पाय थांबले. त्यानं खिशातलं कार्ड काढलं. कोपरा फाडलेलं कार्ड! माणूस गेल्याचं पत्र असंच तर येतं. वाचायच्या आधी कोपरा बघतात, हे शेंबड्या पोराला ठाऊक. आणि वर आपण काय बोललो? सुटला एकदाचा!

त्यानं सायकल हाणली ती जीव खाऊन. वाडीच्या तोंडाशीच ती फेकून धावत सुटला.

"अहो, जिवंत आहे! सांडू जिवंत आहे! जेलातून सुटला, जेलातून! हे बघा, कोपरा मी फाडला, मी!"

रडणं एकदम थांबलं. फकिरा मटकन खाली बसला. उंबऱ्यात साळूबाई होती. कपाळ पुसलेलं, मनगटांवर रक्ताचे ओरखडे, पुढ्यात हिरव्या काचांचा चुरा. सांडूची आई, मनकर्णाबाई, त्या चुऱ्याकडं बघत होती.

"जित्या मानसाच्या नावानं फोडल्या गं माय," ती पुटपुटली.

कुणीच हसलं नाही. मुकुंदला वाटलं, कुणीतरी आपल्याला शिव्या द्याव्यात, दोन थोबाडीत माराव्यात. साळूबाईनं उघडी मनगटं पदराखाली घेतली.

"वकीलसायेब, तुमी निगाले तवा त्ये व्हते ना?"

"होते ना! बोलले माझ्याशी. येतो म्हणाले."

"ते सकाळी. आन् आत्ता?"

मुकुंदनं घड्याळात पाहिलं. तीन वाजून गेले होते.