मला न विचारता

"येशूनं माझं सगळं पाप धुऊन टाकलं," चर्चमध्ये उभं राहून भानुदासनं साक्ष दिली, आणि मंडळी "आमेन" म्हणाली. मार्थाबाई मात्र ताडकन उठल्या. याच माणसानं दारूच्या नशेत त्यांच्या रूबेनला टेम्पोखाली चिरडलं होतं. तुरुंगातून सुटला, तो थेट इथंच आला.

"धुऊन टाकलं? मेला माझा पोरगा, आणि देवानं माफी दिली मला न विचारता?"

"मार्थाबाई, त्याला क्षमा करा," पाळकसाहेब हळूच म्हणाले. "कृपा सगळ्यांसाठी असते."

"तुमची कृपा तुमच्यापाशी ठेवा! मी याला मरेपर्यंत माफ करणार नाही."

"करू नका," भानुदास खालमानेनं म्हणाला. "देवापुढं सुटलो असेन, बाई. तुमच्यापुढं नाही. तुम्ही म्हणाल तर पुन्हा इथं पाऊल टाकणार नाही."

मार्थाबाई थबकल्या. रूबेन गेल्यापासून जो तो त्यांना क्षमा करायला सांगत होता. करू नका म्हणणारा हा पहिलाच. छातीवरचा धोंडा जरासा सरकल्यासारखा वाटला, आणि त्याचाच त्यांना संताप आला.

"येत जा," त्या दरडावून म्हणाल्या. "पण मागच्या बाकावर बसायचं. तुझं तोंड मला दिसता कामा नये."