दारापर्यंत

“काकू, तुम्हाला कुठे सोडू?”

विचारलं आणि दियानं जीभ चावली. मराठी मंडळाच्या दर कार्यक्रमानंतर गेली तीन वर्षं तीच अरुणाकाकूंना वेम्बलीतल्या त्यांच्या दारापर्यंत सोडत आली होती. कधी विचारावं लागलं नव्हतं.

सीटबेल्ट ओढता ओढता काकूंचा हात थबकला. “कुठे म्हणजे? घरी!” मग हसल्या. “कोर्टात फायली चाळून चाळून डोकं फिरलं की काय तुझं? तिथलाच एखादा बरा वकील बघ म्हणते, तर तेही नाही.”

“वकील नको, काकू. ते फार बोलतात.”

“मग माझ्याशी कसं गं जमतं तुझं?”

दिया हसली, नजर रस्त्यावरच ठेवून. कोर्टानं घर खाली करायला लावलेल्या भाडेकरूंची नावं बाहेर कुणाला दिसू नयेत, असा नवा कायदा आला होता. त्या फायली बंद करायचं काम दियाकडे होतं. मंगळवारी अरुणाकाकूंची फाईल हाती आली. मालकाला घर मुलासाठी हवं होतं, काकूंचा दोष काडीचा नव्हता. कोर्टाचा बेलिफ येऊन घराचा ताबा घेऊन गेल्याला दोन महिने झाले होते. नव्या पत्त्याचा रकाना कोरा. दियानं स्वतःच्या हातानं ती फाईल बंद केली. आता त्यातलं अक्षर ओठांवर आणायचं नाही. काकूंजवळसुद्धा नाही.

“माझ्याकडे या ना, काकू, राहायला. आजच चला. स्पेअर रूम रिकामीच असते.”

“अगं, घर टाकून कशी येऊ? कुंड्यांना पाणी कोण घालेल?”

गाडी नेहमीच्या दारासमोर थांबली. खिडक्यांना निळे, नवे पडदे होते. काकू उतरल्या, फाटक लोटून पायरीशी गेल्या, पर्समध्ये किल्ली शोधू लागल्या. शोधतच राहिल्या.

“जा गं तू. थांबू नकोस.”

पोचवायला गेलेल्यानं दार उघडून माणूस आत जाईपर्यंत थांबायचं, असं दियाला आईनं शिकवलं होतं. तरी तिनं गाडी सुरू केली.

वळणाआधी आरशात काकू दिसल्या. परक्या पायरीवर उभ्या राहून हात हलवत होत्या. गाडी नजरेआड झाल्याशिवाय त्यांना तिथून हलता येणार नव्हतं.

दियानं वेग वाढवला.