पहिल्या मिस्साचं आमंत्रण

बकरीचं मटण सगळ्यांच्या ताटात पडलं, तसा सिप्रियानो टेकिलाचा पेला घेऊन उभा राहिला. अंगणात अर्धं गाव जेवायला बसलं होतं. त्याचा मुलगा फेर्मिन दुसऱ्या दिवशी मठात दाखल होणार होता. जेवण त्याच्यासाठीच होतं.

"आजचं हे काहीच नाही," सिप्रियानो म्हणाला. "माझा पोरगा फादर होऊन येईल, आपल्या चर्चमध्ये वेदीपाशी उभा राहून पहिला मिस्सा म्हणेल, त्या दिवशी इथं बैल कापीन. आमंत्रण आत्ताच देऊन ठेवतो. मागून कुणी म्हणू नका, बोलावलं नाही म्हणून."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. फेर्मिननं हातातली मक्याची रोटी खाली ठेवली.

"पापा, मी मिस्सा म्हणणार नाही," तो म्हणाला. "मी फादर व्हायला चाललेलो नाही. ब्रदर व्हायला चाललोय. त्या मठातले ब्रदर जन्मभर आजाऱ्यांची सेवा करतात. मी तुम्हाला सांगितलं होतं."

खरंच सांगितलं होतं. सिप्रियानोनं त्यातला 'मठ' एवढाच शब्द ऐकला होता.

शेजारी नाबोर बसला होता. तो फेर्मिनचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता. त्याचा स्वतःचा मुलगा ग्वादालाहारात फादर होता आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

"म्हणजे बघ बाबा," नाबोर म्हणाला, "आमचा वेदीपाशी उभा राहणार, आणि तुझा खाटेखालचं भांडं उचलणार."

दोघं-तिघं हसले. सिप्रियानोचा चेहरा तांबडा झाला. अडेल घोडी वठणीवर आणणारा त्याच्यासारखा माणूस त्या भागात नव्हता. त्याच्यासमोर असं कुणी हसत नसे.

"मी तुला घोड्यावर बसायला शिकवलं," तो मुलाला म्हणाला, "आणि तू लोकांची ढुंगणं धुवायला जाणार."

फेर्मिन काही बोलणार तेवढ्यात वास आला. ओसरीवर आजोबा, सिप्रियानोचे वडील, खुर्चीत बसले होते. लकव्यानं त्यांचं डावं अंग गेलं होतं. त्यांनी मान खाली घातली होती आणि ते चांगल्या हातानं मांडीवरची चादर वर ओढत होते. पाहुण्यांनी आपापल्या ताटात बघायला सुरुवात केली.

फेर्मिनची आई एल्विरा उठली. फेर्मिननं तिला थांबवलं.

"तू बस, ममा. पापा, तुम्ही चला."

"मी?" सिप्रियानो म्हणाला. "घरात बायका आहेत की."

"बायकांसमोर आजोबांना लाज वाटते. ममा आली की ते डोळे मिटून घेतात, ती जाईपर्यंत उघडत नाहीत. म्हणून रोज मी करतो. उद्यापासून मी नाही."

सिप्रियानोनं ओसरीकडं पाहिलं. म्हातारा त्याच्याकडंच बघत होता. सिप्रियानोनं पेला टेबलावर ठेवला आणि तो मुलाच्या मागोमाग गेला.

दोघांनी आजोबांना आतल्या खोलीत नेलं, खाटेवर निजवलं. सिप्रियानोनं सणाचा सदरा घातला होता. त्याच्या बाह्यांची बटणं त्याला सुटेनात. फेर्मिननं ती त्याला काढून दिली.

"आधी सांगायचं, मग हात लावायचा," फेर्मिन म्हणाला. "एक हात खांद्याला, एक कमरेला. ओढायचं नाही, आपल्याकडं वळवायचं."

सिप्रियानोनं न सांगताच बापाला धरलं आणि हिसडा दिला.

"घोडा नाही मी," म्हातारा वाकड्या तोंडानं म्हणाला.

सिप्रियानो थबकला. फेर्मिन हसला, आणि मग म्हाताराही.

"वळवतोय हं, पापा," सिप्रियानो म्हणाला आणि त्यानं पुन्हा हात लावला. या वेळी हलकेच.

कोमट पाण्यानं पुसताना बापाची अख्खी पाठ त्याच्यापुढं आली. एवढे महिने अंथरुणावर काढलेल्या माणसाची पाठ. खोगीर चुकीचं बसलं तर एका दुपारात घोड्याची पाठ कशी सोलवटते, हे त्यानं आयुष्यभर पाहिलं होतं. तो खांद्यापासून कमरेपर्यंत हात फिरवत गेला. कुठं एक चट्टा नव्हता.

"हे तू राखलंस?" त्यानं विचारलं.

"दर थोड्या वेळानं कूस बदलावी लागते," फेर्मिन म्हणाला. "रात्रीसुद्धा. तुम्हाला जमेल, पापा."

सिप्रियानोनं फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं. राहिलेलं सगळं त्यानं स्वतः केलं. फेर्मिन फक्त टॉवेल देत राहिला. शेवटी सिप्रियानोनं बापाचे केस मागं वळवून विंचरले आणि त्यांना धुतलेला सदरा घातला.

ते बाहेर आले तेव्हा कुणी धड जेवत नव्हतं. सिप्रियानोनं आजोबांची खुर्ची ओसरीवरून खाली आणवली आणि टेबलाच्या टोकाशी, आपल्या जागेवर ठेवून बापाला तिच्यात बसवलं. स्वतः नाबोरच्या पलीकडं बाकावर बसला. त्याचा सदरा पोटापर्यंत भिजला होता. त्यानं रोटी तोडली.

नाबोरला आता आपलं बोलणं खटकत होतं. गप्पही बसवेना.

"मग पहिल्या मिस्साचं जेवण राहिलंच म्हणायचं," तो म्हणाला.

"मिस्सा तुझा पोरगा म्हणेल. चांगला म्हणतो, मी ऐकलाय," सिप्रियानो म्हणाला. मग अंगणातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पण नाबोर, तू आडवा पडलास की मला निरोप धाड. मी येईन. मला माझ्या पोरानं शिकवलंय."