निंबाचा झोका

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावातल्या साऱ्यांच्या लेकी माहेरी आल्या. बेबाबाईची जिजा तेवढी आली नाही. बावन्न सालच्या दुष्काळात सोयरिकी जुळवत फिरणाऱ्या रुपचंदनं तिला हुंड्याशिवाय गुजरातेत स्थळ मिळवून दिलं होतं, वर घरात ज्वारीचं पोतं टाकलं होतं. लग्न मात्र गावातल्या कुणी पाहिलं नाही.

तरी रीत म्हणून बेबाबाईनं दारच्या निंबाला लेकीचा झोका बांधला.

भर दुपारी तो रिकामा झोका कुरकुरायला लागला. निंबाचं पानही हलत नव्हतं. पण दोर ताठ ओढले गेले होते आणि पाट एका बाजूला कलला होता. जिजा बसायची तेव्हा अस्साच कलायचा.

तेवढ्यात रुपचंद दारात उभा राहिला.

"अक्का, जिजा मजामा शे. धाकलीलेबी धाडी दे, तिले सोबत व्हई."

"मंग ती आखाजीले काबर नही उनी?"

रुपचंद घरात डोकावला. आडवी पडलेली रिकामी कणगी दारातूनही दिसत होती.

बेबाबाईनं पदराला बिलगलेल्या धाकट्या कोकीकडे पाहिलं. मग खाली बघत मान डोलावली.

त्याच क्षणी निंबाच्या पलीकडच्या फांदीवरूनही कुरकुर ऐकू यायला लागली. त्या फांदीला झोका बांधलेलाच नव्हता.