कॅसेटची दुसरी बाजू

‘गच्ची’ बँडच्या शेवटच्या कार्यक्रमात तिसरं कडवं सुरू झालं आणि ओजसच्या हातातला माइक घामाने निसटायला लागला. हे राखून ठेवलेलं कडवं तो आज पहिल्यांदाच लोकांसमोर गात होता. तरी समोर बसलेले एक आजोबा शब्दन्‌शब्द ओठांनी म्हणत होते.

गाणं ओजसचं नव्हतंच. जुन्या बाजारातून आणलेल्या एका कॅसेटवर कुणी अनोळखी बाई ते गात होती आणि मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. त्याने ते आपलं म्हणून मित्रांना ऐकवलं आणि अकरा महिन्यांत बँडचं नाव झालं. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात तो आधी समोरचे चेहरे न्याहाळायचा. कधीतरी कुणीतरी येणार, ही धास्ती होतीच.

टाळ्या थांबल्यावर आजोबा स्टेजजवळ आले.

“गाणं आमच्या हिचं. पण तुम्ही गा खुशाल, तिला आवडलं असतं,” आजोबा म्हणाले. “ती गेली, मग घर बदलताना कॅसेटही भंगारात गेली. दुसऱ्या बाजूला ती नुसती बडबडतेय, माझ्यावर चिडतेय. तेवढं एकदा ऐकवाल?”

ती बडबड ओजसने ऐकली होती. कॅसेटची खरखर आवडते म्हणून त्याने त्याच बाजूवर, ती बडबड पुसून, बँडची पहिली तालीम रेकॉर्ड केली होती.

“कॅसेट घरी आहे,” एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

“मग येतोच की तुमच्याबरोबर,” म्हणत आजोबांनी काठी उचलली.