सुचित्राकडचं हळदीकुंकू

सुचित्राने वाण म्हणून बॉलपेन हातात ठेवलं, तेव्हा बायका हसल्या. पेनाबरोबर युनियनचं कार्ड आलं, तेव्हा हसू थांबलं आणि सगळ्यांनी लतिकाकाकूंकडे पाहिलं.

अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावच्या एकाच कारखान्यात त्या सगळ्या सर्किट बोर्डांचं सोल्डरिंग करायच्या. शेजारच्या टेबलावर तेच काम करणाऱ्या पुरुषांना तासाला दीड डॉलर जास्त मिळायचे. का, असं विचारलं की मॅनेजर म्हणायचा, त्यांना घर चालवायचं असतं. जशा काही या बायका हौसेने बोटं भाजून घेत होत्या! उद्या कार्डं युनियनकडे द्यायची होती. कारखान्यात युनियन आणायला आठ सह्या कमी पडत होत्या आणि समोर बायकाही नेमक्या आठच होत्या.

पंचाईत वेगळीच होती. कारखान्यातले सुपरवायझर म्हणजे लतिकाकाकूंचे यजमान, नरेंद्रकाका. "सही करणारीचं नाव मी स्वतः वर कळवीन," असं त्यांनी शुक्रवारीच बजावलं होतं. हळदीकुंकवाला पुरुष फिरकत नाहीत म्हणून सुचित्राने संक्रांतीनंतरचा रविवार गाठला, तर बर्फामुळे सगळ्यांना आपल्या व्हॅनमधून घेऊन आले तेच. आता ते खाली बेसमेंटमध्ये फुटबॉल बघत बसले होते.

लतिकाकाकूंनी कार्ड डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचलं. मग उठून त्या जिन्याच्या तोंडाशी गेल्या.

"अहो, जरा वर या!"

नोकरी गेली, सुचित्राच्या मनात आलं. बाकीच्या कार्डं पदराखाली सरकवू लागल्या. तिने मात्र आपल्या हातातला गठ्ठा हलवला नाही. बघायचं तर बघू देत.

नरेंद्रकाका चिवड्याची बशी घेऊनच वर आले. "काय झालं? निघायचं का?"

काकूंनी कार्ड टीपॉयवर ठेवलं आणि त्यांच्यादेखत सही केली. पूर्ण नावानिशी.

"अगं, युनियनचं कार्ड आहे ते! माझी पोझिशन काय होईल?"

"त्या नव्या पोराला, जिमला, सोल्डरिंग मी शिकवलं. त्याला माझ्यापेक्षा जास्त पगार देतात आणि तुम्ही गप्प बसता," काकू म्हणाल्या. "उद्या नावं कळवाल, तेव्हा पहिलं माझं घाला."

काकूंनी शेजारणीच्या पदराखालचं कार्ड काढून तिच्यापुढे ठेवलं.

"आता जा, गाडी गरम करून ठेवा. अजून सातजणींच्या सह्या व्हायच्यात."