दुकानाचं दुसरं पेज

भवानी पेठेत जाहिदाचं शिलाईचं दुकान आहे. नवरा गेल्यावर तिनं ते एकटीनं उभं केलं. मोबाईलवरचं दुकानाचं पेजही सहा वर्षं तीच चालवत होती.

एका दुपारी नणंद फिरदोसनं मोबाईल पुढं केला. "भाभी, तुमच्या दुकानाचं दुसरं पेज हाय की हितं."

नाव तेच, पत्ता तोच. वर हिरव्या ब्लाऊजचा फोटो होता. ते कापड जाहिदानं सकाळीच कापलं होतं, अजून टाकाही घातला नव्हता. फोटोत मात्र ब्लाऊज हुकांसकट तयार होता.

"कुणी चुकून काढलं असंल. दोन्ही एक करून टाका," फिरदोस म्हणाली.

जाहिदा पेज एक करायचं बटण शोधत होती, तेवढ्यात तिकडूनच विनंती आली. 'दोन्ही पेज एक करायची आहेत. तुमचं बंद होईल. मान्य?'

"माझं का म्हणून बंद होईल?" जाहिदा भडकली. तिनं नकार दाबला. विनंती पुन्हा आली. तिनं पुन्हा नकार दाबला.

मग फिरदोसला घेऊन ती बाहेर उन्हात आली. पाटीखाली दोघींचा फोटो काढून तिनं पेजवर टाकला आणि लिहिलं, 'खरं दुकान हेच. मालकीण मीच.'

लगेच दुसऱ्या पेजवरही फोटो आला. त्यात त्याच दोघी पाठमोऱ्या उभ्या होत्या. फोटो दुकानाच्या आतून काढलेला होता.

आत कुणीच नव्हतं.

फिरदोसनं तिचा हात धरला. "चला भाभी, जाऊ हितनं."

"मी का जाऊ?" जाहिदानं हात सोडवला. दाराकडं वळून ती आतल्या अंधारात ओरडली, "ऊठ! ती खुर्ची माझी हाय."

आत खुर्ची सरकली.